सयाजीचा करदोडा

तुम्हाला हे खरं वाटणार नाही, आधीच सांगून ठेवतो. आमच्या माण तालुक्यात एका पोराच्या कमरेचा करदोडा तुटला आणि त्याचा आवाज पार दहिवडीच्या बाजारात ऐकू गेला. खोटं वाटत असेल तर ही हरणावहिनी इथंच शेंगा फोडत बसलीय, तिला विचारा. पोर तिचंच, सयाजी.

बहात्तरचा दुष्काळ. विहिरी अशा आटल्या की आम्ही तळाला पत्ते खेळायला उतरायचो. वहिनी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिचा नवरा आकाराम मेंढरं विकून, उरलेल्या दोन शेळ्या आणि दीड वर्षाचं पोर सांभाळत घरी. दसऱ्याला बांधलेला करदोडा होळी आली तरी सैल करावा लागला नव्हता. उलट आत दोन बोटं जायची.

आकाराम हाडाचा मेंढपाळ. कोवळेपणी खुरटलेलं कोकरू पुढं कितीही चारलं तरी खुजंच राहतं, हे त्यानं जन्मभर बघितलेलं. मला म्हणाला, "नाथा, पोरगं खुरटतंय रं. साल चाललं हातातनं."

कामावर मिळालेली सुकडी वहिनी पदरात बांधून आणायची आणि रीतीप्रमाणं पहिल्यांदा नवऱ्याच्या ताटात वाढायची. गडी उठला की मग बाई, आणि तिच्या मांडीवर पोर. तोवर पोर झोपलेलं. त्या संध्याकाळी आकारामनं ताट सरकवलं. "आधी ह्याला."

मग दिवसभर तोच उद्योग. शेळीच्या दुधात सुकडी कुस्करायची आणि घास घास भरवायचा. पोर थुंकायचं, हा पुन्हा भरवायचा. गल्लीतले गडी हसायचे, "आकाराम, लुगडं आणू का रं?"

"आण की. पोराला झोळी हुईल."

तोंडानं असं, पण रोज उठल्या उठल्या करदोड्यात बोटं घालून बघायचा. दोनच. मधे पोराला हगवण लागली, तेव्हा तर गडी स्वतः जेवायचंच विसरला. पाणी उकळून पाजत राहिला. पुढं कधीतरी एकच बोट जाऊ लागलं. मग तेही जाईना.

आणि एका सकाळी, फाट्ट! बंदूक उडाली समजून दहिवडीत दुकानांच्या फळ्या लागल्या, शेळ्या डोंगर चढल्या, माझ्या हातातला चहा...

"पुरं करा, नाथाजी भावजी!" हरणावहिनीनं शेंगांचं सूप खाली ठेवलं. "तुटला कुठं? रुतायला लागला व्हता. हे इळा घिऊन बसले, पर बोट जातंय का तेच पुन्यांदा पुन्यांदा बघत राहिले. मग म्याच कापला."