सोंड्यांची ऊब

"म्हातारं माणूस थंडीत मांजरावानी आसतंय बग. ऊब घावंल तिथं जाऊन पडतंय. लेकराकडं बगतीस तसं सासऱ्याकडं बी बगत जा जरा." शेजारच्या नागूमावशी मला असं म्हणाल्या तेव्हा मी हसून सोडून दिलं होतं. मामांकडं काय बघायचं? मामा, म्हणजे माझे सासरे बलभीम, एसटीत कंडक्टर होते. पन्नासच्या गाडीत नव्वद माणसं बसवणाऱ्याला स्वतःपुरती जागा शोधता येणार नाही का?

माझं सगळं लक्ष शंभूवर. तो नुकता रांगायला लागलाय आणि जे दिसेल ते तोंडात घालतोय. मी फरशी पुसते, खेळणी उकळते, त्याला शिंक आली की ताप मोजते. सासूबाई, म्हणजे कमलआत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमची अर्पिता एक दिवस लेकराला बरणीत घालून वर लोणच्यावानी फडकं बांधणार हाय."

तर अशा घरात, ऐन थंडीत, शंभूच्या खिमटीत सोंडा निघाला. वाटीच्या काठावरून आपली इवलीशी सोंड हलवत तो निवांत चालला होता, जणू लोहारा गावच्या बाजारात फिरायला आलाय. मी किंचाळले. आत्यांनी वाटी हातात घेतली, सोंडा चिमटीत धरून बाहेर उडवला आणि म्हणाल्या, "गेला. चार आता."

"आत्या, किडा होता त्यात!"

"मग? तुज्या नवऱ्यानं लहानपणी किती खाल्ल्यात. मेला का?"

मी मोबाईलवर उपाय शोधले. तांदळात लवंगा टाकल्या, रव्यात तमालपत्र, डाळीत मिठाची पुरचुंडी. आठवड्यानं बघितलं तर सोंडे लवंगेवर चढून बसलेले. मुळाशी जायचं म्हणून मागच्या खोलीत गेले. तिथं ज्वारीची पोती थप्पी लावून ठेवलेली. एका पोत्यात हात घातला तर आतलं धान्य चक्क कोमट! बाहेर दातावर दात वाजतायत आणि पोतं तव्यावरून उतरवल्यासारखं. मी बीएस्सी झालेय, म्हणून कारण लक्षात आलं. आत एवढे किडे झाले होते की त्यांच्या नुसत्या श्वासानं धान्य तापलं होतं. हजारो जीव आमच्या ज्वारीत गोधडी पांघरल्यासारखे ऊब घेत बसले होते.

आत्यांचा उपाय ठरलेला. "पोती बाहेर काढा, ऊन द्या, चाळा, निंबाचा पाला घाला, दोन-चार बिब्बे टाका."

कृष्णराजांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पोती उचलायचा कंटाळा. ते दुकानातून गोळ्या घेऊन आले. गॅसच्या. "सगळा गाव हेच टाकतंय," म्हणाले. "पोती हलवायची बी गरज न्हाय."

गॅस म्हटल्यावर मी बेत आखायला बसले. वेळ अमावस्या तोंडावर आली होती. त्या दिवशी आमच्या भागात गावात कुत्रंसुद्धा उरत नाही, सगळे शेतात वनभोजनाला. सकाळी निघताना गोळ्या टाकायच्या, खोली बंद करायची, दिवसभर शेतात राहायचं. परत आल्यावर मी शंभूला घेऊन नागूमावशींकडं राहणार. बाकीच्यांनी ओट्यावर कुडकुडावं. बेत ऐकून आत्या म्हणाल्या, "किड्यांसाठी आमी घर सोडायचं. झ्याक हाय."

अमावस्येला मामा आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन उजाडतानाच पुढं गेले. मागं कृष्णराजांनी पोत्यांत गोळ्या ठेवून वर ताडपत्री घातली. मी दाराच्या फटींना चिकटपट्टी लावली. खालची फट मोठी होती. ताडपत्री घालताना पोत्यांवर पडलेली एक वाकळ बाहेर काढली होती, तीच घडी करून फटीत ठोसली. वाकळ पोत्यांवर कशासाठी होती, हा प्रश्न मला पडला नाही. आमच्या घरात कुठलीही वस्तू कुठंही सापडते. देवघरात एकदा पाना सापडला होता.

घराच्या ग्रुपवर मेसेज टाकला: मागच्या खोलीत कुणीही जाऊ नये, विषारी गॅस आहे. खाली कवटीचं चित्र. शेजारी उभ्या असलेल्या कृष्णराजांनी अंगठा दाखवला. पुण्याच्या चुलत सासऱ्यांनी फुलांसकट शुभ सकाळ पाठवली. मामांचा फोन बटणांचा. त्यांना शेतात गेल्यावर सांगायचं, असं आम्ही तिघांनीही आपापल्या मनात ठरवलं.

शेतात मजा होती. कडब्याच्या खोपीत पूजा झाली, सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी झाली, बाजरीचे उंडे झाले, आंबिलीचे पेल्यावर पेले झाले. मी शंभूला मांडीवर घेऊन मुंग्या हाकत बसले होते. त्याला पेरूची फोड दिली पाहिजे म्हणून मामांचा चाकू मागायला वळले, तर मामा नाहीत.

"आत्या, मामा कुठंयत?"

"गेले की घरला. शेजारच्या रानातला रेवणसिद्ध गावात चालला व्हता, त्येच्या गाडीवर बसले. आंबील जड झाली, जरा पडतो म्हनले."

"पडतो म्हणजे कुठं?"

"कुठं म्हंजी? पोत्यावर. सारी थंडी दुपारचं तितंच पडत्यात. लई उबदार लागतंय म्हनं. माजी वाकळ बी तितंच नेऊन ठिवलीय. आज तेवढं ओट्यावर पडतील, गोळ्यांचं तुमी सांगितलंय न्हवं?"

मी पेरू टाकून उठले. "मामांना गोळ्यांचं कुणी सांगितलं?"

आत्यांनी कृष्णराजांकडं बघितलं. कृष्णराजांनी माझ्याकडं. मी फोन लावला. फोन वाजला, खोपीत खुंटीला अडकवलेल्या मामांच्याच पिशवीत.

मी शंभूला आत्यांच्या मांडीवर टाकलं. त्यांचे हात भज्जीनं बरबटलेले होते. हात धुवा, असं मी म्हणाले नाही. कृष्णराज गाडीची किल्ली शोधत होते, तोवर मी स्कूटी बांधावरून रस्त्याला लावली होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सगळ्या दारांना कुलपं. हाक मारली असती तरी ऐकायला कुणी नव्हतं.

घरात शिरले तर मागच्या खोलीचं दार सताड उघडं. चिकटपट्टी लोंबत होती. फटीतली वाकळ गायब. आतून सडक्या लसणासारखा वास येत होता.

"मामा!"

परसातून ओकारीचा आवाज आला. मामा मोरीपाशी उकिडवे बसले होते, खांद्यावर वाकळ, तोंड पांढरंफटक.

"काय न्हाय गं," ते धापा टाकत म्हणाले. "आंबील बाधली. तुज्या सासूनं ताक शिळं घातलं आसंल. डोस्कं गरगरतंय. जरा आत पडतो, बरं वाटंल."

आणि ते उठून पुन्हा त्या खोलीकडं निघाले.

मी परसदारात आडवी उभी राहिले. "आत नाही जायचं. आत विष आहे."

"कशाचं विष? लसणाचा वास येतूय तितं. म्हनलं, सासूनं तुज्या चटणी लपवून ठिवलीय. सारी ताडपत्री उचकून बगितली. घावली न्हाय."

म्हणजे हा माणूस त्या गॅसमध्ये चटणी शोधत होता. मला हसू आलं नाही, आज लिहिताना येतंय. मी त्यांना गोळ्यांचं सांगत होते आणि ते मला बाजूला सारत होते. "सरक गं पोरी. माज्या घरात मला झोपू दीना झालीस." पाय लटपटत होते, पण ताठा कंडक्टरचा. ओढून नेण्याएवढी ताकद माझ्यात नव्हती. तेवढ्यात बाहेर कृष्णराजांची मोटारसायकल थांबली, आणि माझ्या तोंडून कसं कोण जाणे निघालं, "बलभीम कंडक्टर! गाडी लागलीय! गाडी तुमच्यासाठी थांबलीय, चला, बोळातून पुढं चला!"

मामा थबकले. खांद्यावरची वाकळ नीट केली. "डबल द्या," गाडी सोडायची घंटा मागितल्यासारखं पुटपुटले आणि घराच्या कडेच्या बोळातून, भिंत धरत, बाहेर आले. कृष्णराजांनी त्यांना पुढ्यात घेतलं, मी मागून धरलं, आणि आम्ही तिघं एका गाडीवर दवाखान्यात पोचलो.

डॉक्टरांनी सलाईन लावलं, ऑक्सिजन लावला आणि मग आम्हाला बाजूला घेऊन झापलं. ही गोळी राहत्या घरात टाकायचीच नसते. दार लावा, पट्टी लावा, गॅसला फट पुरते. त्यावर औषध असं नाही, वेळेत मोकळ्या हवेत आणणं एवढंच हातात असतं. "ओकारी आली म्हणून बाहेर आले. तिथंच झोप लागली असती तर?" कृष्णराज भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

मामांच्या छातीवर तारा लागलेल्या होत्या तोवर मी खुर्चीवरून हलले नाही. शंभू रात्रभर नागूमावशींकडं आत्यांजवळ होता. त्यानं काय काय खाल्लं ते मी आजवर विचारलेलं नाही.

मामा घरी आले. आल्या आल्या म्हणाले, "चटणी खरंच नव्हती का?" आत्या म्हणाल्या, "हाय. पण तुमाला सापडंल आशा जागी न्हाय," आणि पदर डोळ्याला लावून चुलीकडं वळल्या.

ती खोली आम्ही कितीतरी दिवस सताड उघडी ठेवली आणि सगळे नागूमावशींकडं राहिलो. मावशींनी एकदाही "म्या सांगितलं व्हतं" म्हटलं नाही. फक्त शंभूला मांडीवर घेतलं की माझ्याकडं बघून मांजराचा आवाज काढायच्या. नंतर पोती बाहेर निघाली, ऊन दिलं, चाळलं, निंबाचा वाळलेला पाला घातला, आणि ज्वारी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपांत गेली. पोती सगळी कृष्णराजांनी उचलली. एकट्यानं. धान्य आता थंडगार आहे, म्हणून मामा नाराज आहेत. दुपारी उन्हाची तिरीप जिकडं सरकते तिकडं बाज ओढत सरकतात, आणि मी खिडकीतून एक डोळा शंभूवर, एक मामांवर ठेवते.

तुमच्याकडंही थंडी असेल. लेकरू कुठं आहे ते तुम्हाला माहीत असणार. हे वाचून झालं की उठा, आणि तुमच्या घरातलं म्हातारं माणूस या घडीला कुठं जाऊन पडलंय, तेवढं बघून या.