वेगळी काढलेली फाइल

डायलिसिसच्या मशीनसाठी प्रोग्राम बनवणाऱ्या त्या कंपनीत सगळे तिला चाळणीबाई म्हणत. कामच तसं होतं. प्रोग्राम मशीनमध्ये जाण्याआधी त्यातली डीबग माहिती, म्हणजे फंक्शनांची नावं, ओळींचे क्रमांक, काढून ती वेगळ्या फाइलीत ठेवायची. प्रोग्राम हलका व्हायचा. दोन्हींवर एकच ओळखक्रमांक असायचा. पुढे काही बिघडलं, तर त्यावरून फाइल शोधायची आणि चुकीची ओळ सापडायची.

सोमवारी दहाला एका हॉस्पिटलातून नोंद आली. पेशंटच्या रक्तात हवा गेली तरी मशीन चालतच राहिलं आणि मग बंद पडलं; पेशंट थोडक्यात वाचला. नोंदीत नुसते आकडे. तिने त्या प्रोग्रामची वेगळी काढलेली फाइल शोधली. सहा वर्षांच्या सगळ्या फाइली जागच्या जागी, नेमकी हीच गायब. सकाळी आठ चाळीसला पुसलेली, मॅनेजरच्या लॉगिनवरून.

ती तडक त्याच्या केबिनमध्ये गेली.

"चुकून गेली असेल हो. जागा पुरत नव्हती."

"सर, नोंद दहाला आली. कुठली पुसायची ते तुम्हाला आधीच कसं कळलं?"

त्याने सावकाश मान वर केली. "चाळणीबाई, तुमचं काम काढायचं. शोधायचं नाही. जाताना दार लावून घ्या."

आवाज जराही चढला नव्हता. दार लावून ती आपल्या टेबलाशी आली.

मूळ कोड अजून शाबूत होता. कोडचा प्रोग्राम बनवणारा तोच कंपायलर, त्याच सेटिंग्ज घेऊन तिने प्रोग्राम पुन्हा बांधायला लावला, म्हणजे पुसलेली फाइल पुन्हा निघेल. चाळीस मिनिटं लागणार होती. मधे मॅनेजर येऊन तिच्या टेबलावर कॉफी ठेवून गेला. "चेहरा उतरलाय तुमचा. घरी जा की."

नव्या फाइलीचा ओळखक्रमांक मशीनमधल्या प्रोग्रामशी अंकाला अंक जुळला. ओळ सापडली. रक्तातली हवा ओळखणारा सेन्सर गप्प झाला, तर आधीचंच 'ठीक' धरून पुढे चालायचं. शेजारी मॅनेजरची टीप: अलार्म फार वाजतात, तक्रारी येतात.

तो प्रोग्राम एकोणीस हॉस्पिटलांत चालू होता. तिने फोन नंबर कागदावर उतरवले तोच स्क्रीन काळी झाली. तिचं लॉगिन बंद केलं होतं. कागद घेऊन ती जिन्यात आली आणि एकेक नंबर लावत सुटली. सतरा ठिकाणी तिचं ऐकून मशीनं थांबवली. अठराव्याने फोन उचललाच नाही.

एकोणिसाव्या ठिकाणची सिस्टर म्हणाली, "तुमच्या मॅनेजरांचा फोन आला होता आत्ताच. म्हणाले, एक बाई काहीबाही सांगेल, लक्ष देऊ नका."

"आत्ता मशीनवर कोणी आहे?"

"चार जण आहेत. पण नुसत्या तुमच्या सांगण्यावरून मशीनं थांबवता येणार नाहीत."

"पत्ता सांगा," ती म्हणाली, आणि ऐकता ऐकताच जिना उतरू लागली.