साथीदाराचे नाव

राजाराम यादव कोल्हापुरात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. त्यांचे चिरंजीव बाळासाहेब वाद्यवृंदात हवाईयन गिटार वाजवीत. ते माझे यजमान. आमचा मुलगा मकरंद काहीच वाजवत नाही. तो वेलिंग्टनमध्ये पुलांचे आराखडे तपासतो आणि तिथून जवळच अप्पर हट गावी राहतो. मकरंदची मुलगी श्रिया. ही हकीकत तिच्या गाण्याची आहे.

यजमानांचे नाव मी वर लिहिले खरे, पण तोंडाने आजवर घेतलेले नाही. आमच्याकडे बायको ते घेत नसे; ते लोकांनी घ्यायचे असे. वाद्यवृंदात तर रीतच होती. मध्यंतरानंतर निवेदक एकेका साथीदाराचे नाव पुकारी, तो उठून नमस्कार करी आणि लोक टाळ्या वाजवीत. वाद्यवृंदाचा मालक आणि निवेदक माझा थोरला भाऊ, हरीश. दादांचा आवाज असा, की शेवटच्या रांगेतला माणूसही सरसावून बसे. त्यांच्या मनाविरुद्ध मी त्यांच्याच गिटारवाल्याशी लग्न केले. दादांनी यांना काढले नाही, कारण तसा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. फक्त त्या दिवसापासून नावे पुकारताना ते ऑर्गनवरून थेट ढोलकीवर जाऊ लागले. यांनी एकदाच विचारले. दादा म्हणाले, "बहीण नेलीस. आता नाव मागू नकोस."

वाद्यवृंद बंद पडेपर्यंत ते तसेच चालले. त्यानंतर हे फार जगले नाहीत.

श्रियाच्या संगीताला अमेरिकाना म्हणतात. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतून आलेला गाण्याचा तो घाट. शब्द मात्र ती स्वतः लिहिते आणि त्यांत आमची हट नदी असते. पाठीशी कोणतीही कंपनी नाही. आठवडाभर ती औषधांच्या दुकानात उभी राहते, शुक्रवारी पबमध्ये गाते आणि लोक तिच्याकडे पाठ करून रग्बी पाहतात. कुणी बोलावले तर त्यांच्या दिवाणखान्यात गाते आणि दाराशी ठेवलेल्या वाडग्यात लोक खुशीने टाकतील ते पैसे घेते; इकडे त्याला कोहा म्हणतात. तिचा आवाज बेताचा आहे. हे मी ती शाळेत असतानाच तिला सांगितले होते. तिने ते ऐकून घेतले आणि गात राहिली. तेवढा गुण तिने माझा उचलला.

तिच्या गाण्याला रूप आले ते वेदांतमुळे. वेदांत दादांचा नातू. दादाही आता याच देशात, उत्तरेला पापाकुराला मुलाकडे असतात. वेदांत नोकरीसाठी आमच्या गावी आला, आमच्याकडे जेवायला येऊ लागला आणि एके दिवशी त्याने माझ्या कपाटावरची यांची गिटार मागितली. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची ती गिटार; इकडे तिला स्टील गिटार म्हणतात. तिचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारा भाग, कोल्हापुरातल्या एका रेडिओ मेकॅनिकने घरी बनवून बसवला होता, त्यामुळे तिचा स्वर बाजारातल्या कोणत्याही गिटारीला येत नाही. मी ती वाजवायला दिली; वाजवून झाली की माझ्या कपाटावर परत, या अटीवर. पोराने हात बसवला. मकरंदच्या गॅरेजमध्ये, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी, दोघांनी मिळून आख्खा अल्बम ध्वनिमुद्रित केला. तो ऐकून क्राइस्टचर्चच्या एका आयोजकाने कळवले की अल्बमच्या प्रकाशनाला तो स्वतः येईल. ती स्टील गिटार प्रत्यक्षात तशीच वाजली, तर साउथ आयलंडच्या दौऱ्यावर दोघांना नेईल.

त्या आठवड्यात वेदांत माझ्यासमोर थालीपीठ खात म्हणाला, "वसूआजी, लाँचला आजोबा येतायत. बँड त्यांनीच इंट्रोड्यूस करायचा, सगळं ठरलंय. लहानपणापासून ऐकतोय, त्यांनी नाव घेतलं की हॉल उठायचा. एकदा माझं घेऊ देत ना!"

तो गेल्यावर मी गिटार पेटीत ठेवली, कुलूप लावले आणि श्रियाला सांगितले, "पापाकुराला फोन लाव. तू इथेच बस."

पडद्यावर दादा दिसले. मान बारीक झाली होती, आवाज तोच.

"अजून आहेस होय?"

"तुमच्या आधी कशी जाऊ, दादा? धाकट्यांनी पुढे पळणे बरे दिसत नाही."

ते हसले आणि खोकले. "बोल, काय हवंय?"

"स्टेजवरून नावे घेणार आहात म्हणे. स्टील गिटारवर आमच्या यांचे घ्या."

"गेलेल्या माणसाचं? घेतो की. आधी त्याचं, मग पोराचं."

"पोराचे घ्यायचे नाही."

दादांनी चेहरा पडद्याजवळ आणला. मग म्हणाले, "त्यानं काय केलंय गं तुझं?"

"काही नाही. यांनी तुमचे काय केले होते?"

"बहीण नेली माझी."

"बहीण आपल्या पायांनी गेली होती."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"गिटार माझ्या घरात आहे. घरातच राहील."

"अगं, तुझ्याच नातीचं बुडेल!"

"बुडू दे."

पडदा काळा झाला. श्रिया माझ्याकडे बघत होती. "आजी, दॅट्स सो मीन. वेदांतचा काय संबंध?"

"मग दुसरी गिटार आण."

"तो माणूस हीच ऐकायला येतोय! यू नो दॅट."

"तर वेदांतला आजच सांग. मी अडवणार नाही. ऐकून तो येतो का, ते बघ."

ती मागच्या अंगणात जाऊन वाळत घातलेल्या कपड्यांजवळ उभी राहिली. आत आली तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाली, "किल्ली दे. तारा बदलायच्यात." वेदांतला तिने काही सांगितले नाही.

रविवारी दुपारी स्टेशनपलीकडचे लाकडी सभागृह भरले. बाहेर पाऊस, आत ओल्या जाकिटांचा वास. दुसऱ्या रांगेत तो आयोजक. श्रिया गात होती, पण लोक ऐकत होते ती गिटार. मध्यंतरानंतर वेदांतने दादांची चाकांची खुर्ची स्वतः ढकलत स्टेजवर आणली, माईक त्यांच्या उंचीला लावला, गुडघ्यावरची शाल नीट केली. मग जागेवर जाऊन गिटार मांडीवर घेतली आणि केसांवरून हात फिरवला.

"किया ओरा. नमस्कार," दादा म्हणाले आणि सभागृह सरसावून बसले. "ड्रम्सवर, मॅट हॉवर्ड! बेसवर, विनिता साने!"

दोघे उठले, टाळ्या झाल्या. वेदांत गिटार सावरत अर्धा उठला होता आणि हसत होता. दादांनी त्याच्याकडे पाहिले. मग मी बसले होते तिकडे पाहिले. मी मान हलवली नाही.

"आणि स्टील गिटारवर, कोल्हापूरचे," दादांनी श्वास भरून घेतला, "बाळासाहेब यादव!"

लोकांना ते त्या मुलाचेच नाव वाटले. सगळे सभागृह उभे राहिले. वेदांतचे हात सवयीने जुळले आणि दुसऱ्याच्या नावाच्या टाळ्यांना त्याने वाकून नमस्कार केला. वर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हते. त्याने श्रियाकडे पाहिले. ती खाली मान घालून तार जुळवत होती. तार जुळलेलीच होती. त्याला कळले. उरलेली गाणी त्याने एकही स्वर न चुकता वाजवली.

कार्यक्रम संपल्यावर आयोजक श्रियाशी बोलत होता, फोनमध्ये तारखा टिपत होता. वेदांत पेटी घेऊन आला, माझ्या पायांशी ठेवली. "वसूआजी, तुमची गिटार."

"ॲन्ड बालासाहेब?" आयोजकाने त्याच्याकडे वळून आनंदाने विचारले. "यू'आर कमिंग टू, राइट?"

"नो, मेट," वेदांत म्हणाला. "ही'ज डेड." आणि गाडी आणायला निघून गेला.

श्रिया त्याच्यामागे दोन पावले गेली आणि थांबली. आयोजकाने तिच्याकडे पाहिले, मग पेटीकडे पाहिले आणि फोन खिशात घातला.

दादांची खुर्ची दाराशी उभी होती. ढकलायला कुणी नव्हते.

"झालं समाधान, वसू?"

"झाले, दादा. आता तुमच्याकडे माझे काही येणे नाही."