जाळी धरायला कुणी नाही

"दाजी, आज मी जाळी धरणार नाही," असं म्हणून व्हर्लिननं गळाची काठी खांद्यावर टाकली.

व्हर्लिन म्हणजे माझ्या बायकोचा, लुएलाचा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे पंचावन्नचा. चाळीस वर्षं आम्ही दोघं न्यू नदीत बास मासे पकडत आलो, आणि तेही फक्त काळ्या अळीवर. ही अळी नदीतल्या दगडाखाली राहते, बोटाएवढी असते, तोंडाशी चिमटा. चावली तर रक्त काढते, पण बासला दिसली की त्याचं भान हरपतं. ती काढायला माणसं दोन लागतात. एकानं धारेच्या वरच्या अंगाला उभं राहून पहारीनं दगड उचकटायचा, दुसऱ्यानं खालच्या अंगाला वाकून जाळी धरायची. सुटलेल्या अळ्या धारेबरोबर आपोआप जाळीत येतात. दगड माझा, जाळी व्हर्लिनची, हे ठरलेलं.

त्या सप्टेंबरात त्याच्या मुलीनं त्याला रबरी आमिषांचा डबा दिला आणि सगळं बिघडलं.

"वाकून वाकून कंबर गेली माझी," तो म्हणाला. "हे बघा. चावत नाही, मरत नाही, डब्यात गुपचूप पडून राहतं."

"खोटं आहे ते."

"मासा काय शपथेवर साक्ष घेतो?"

"अरे, बायबलात देवानंसुद्धा मोठ्या माशापुढं जिता योना संदेष्टा टाकला. रबराचा नाही टाकला."

"आणि तीन दिवसांनी माशानं तो ओकला. माझं रबरही मासे ओकतात. मग फरक काय?" हसत हसत तो वळणापलीकडं निघून गेला.

मी चिडलो होतो, हे कबूल करतो. एकट्यानं दोघांचं काम करायचं ठरवलं. जाळीच्या काठ्या गुडघ्यांत दाबल्या, म्हणजे मला खालच्या अंगालाच उभं राहावं लागलं, आणि तिथूनच पुढं वाकून एका रुंद चपट्या दगडाखाली पहार घातली. आमच्याकडचं शेंबडं पोरही असं करणार नाही. दगडाची वरची कड उचलली गेली, तिच्याखाली धार शिरली, आणि दगड माझ्याच अंगावर उलटला. मी मागं सरलो. डावा पाय मागच्या कातळाच्या फटीत गेला आणि दगड पुढून बुटावर येऊन बसला. पहार वाहून गेली.

पाणी मांडीपर्यंत होतं. दुखलं नाही, फक्त पाय हलेना. असा हलेना, की जणू तो माझा नव्हताच.

घड्याळात अडीच. वरच्या धरणातून दोनला पाणी सोडतात आणि ते आमच्या खडकांशी तीनला पोचतं. तीननंतर तिथं उभा माणूस टिकत नाही.

मी हाका मारल्या. खडकांवरून पडणाऱ्या पाण्याच्या गर्जनेत त्या माझ्याच कानांपर्यंत नीट येईनात. हात खाली घालून दगड ढकलला, तो गदगदलासुद्धा नाही. मी पाय ओढत राहिलो, आणि जितका ओढला तितका घोटा फटीत अडकत गेला.

काठावर एका झाडाचं बोडकं मूळ पाण्यावर हातभर उंच होतं. मी त्याच्याकडं बघायला लागलो आणि मग मला दुसरं काही बघताच येईना. ते वीतभर उरलं तेव्हा पाणी माझ्या कमरेला लागलं होतं.

श्वास तुटायला लागला. आमच्या चर्चचे ब्रदर कोलमन प्रवचन करता करता बोलण्यातून गाण्यात शिरतात. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक "हा" टाकून श्वास घेतात, आणि बाकावरची म्हातारी माणसं नकळत त्यांच्याबरोबर श्वास घ्यायला लागतात. मीही आयुष्यभर घेत आलो. त्या चालीत गायला लागलो. प्रभू, तू खोलातून हाक ऐकतोस, हा. प्रभू, माझा पाय तुला ठाऊक आहे, हा. पुढची ओळ सुचेना. तीच तीच गात राहिलो. देव जवळ होता, याबद्दल मला शंका नाही. पण दगडही होता.

"दाजी, प्रवचन पुरे! दोन अळ्या द्या की." व्हर्लिन काठानं येत होता, तोंडावर ओशाळं हसू. "रबराकडं ढुंकूनही बघत नाहीयेत मेले."

"पाय!" मी ओरडलो.

त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. काठी टाकून तो धारेत घुसला. त्यानं दगडाला खांदा लावला, कळवळला, परत लावला. नंतर चाकू काढून बुडी मारली आणि बुटाच्या नाड्या कापून वर आला.

"नाड्या सुटल्या. आता बुटातून पाय काढा."

"निघत नाही!"

"तुम्ही बोटं आवळलीत. सैल सोडा आणि वरच्या अंगाला, माझ्याकडं, पाण्याखाली आडवे व्हा. गेला तसाच निघेल."

"पाण्याखाली? ब्रदर कोलमननी बाप्तिस्म्याला एकदा बुडवलंय मला, पुरे झालं!"

पाणी छातीशी आलं होतं. सैल कसा सोडणार? मान वळवून मी मूळ शोधत होतो. तेवढ्यात व्हर्लिननं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि स्वतःकडं फिरवलं.

"दाजी, उतरतंय."

"काय?"

"पाणी. धरण बंद झालं असणार. मूळ परत हातभर वर आलंय. घाई नाही. आरामात करू."

त्याची पापणीही हलली नाही. माझ्या अंगातून काहीतरी ओघळून गेलं. खांदे उतरले, गुडघा उतरला, आणि खाली कुठंतरी बोटं उघडली. त्याच क्षणी त्यानं मला पाण्याखाली दाबलं. काळोख, नाकात पाणी, त्याची मूठ माझ्या सदऱ्यात. पाय कातडं सोलत बुटातून सुटला.

काठावर पालथा पडून मी पाणी ओकलो. डोकं उचललं. मूळ कुठंच नव्हतं. त्याच्यावरून तपकिरी फेस धावत होता.

"खोटं बोललास," मी म्हटलं.

"बोललो," तो म्हणाला. "मग काय चालीत गाऊन सांगू, की बुडताय म्हणून?"

मला हसू आलं आणि त्यातच रडू. त्याच्याही डोळ्यांना पाणी आलं, पण तो म्हणाला, नदीचं आहे.

घोटा मोडला होता. गाडी रेल्वेच्या रुळांपलीकडं, मैलभर दूर. त्यानं मला पाठीवर घेतलं.

"लुएलाताईला काय सांगायचं?"

"खरं."

"अळ्या मागायला आलो होतो, हेसुद्धा?"

"हेसुद्धा."

"तिथंच सोडायला हवं होतं तुम्हाला," तो पुटपुटला.

अर्ध्या वाटेवर तो थांबला. "दाजी, कॉलर सोडा. गळा आवळतोय माझा."

"सोडतो," मी म्हणालो. पण बोटं उघडेनात. तसाच खोकत खोकत तो मला गाडीपर्यंत घेऊन गेला.