पोटरीतली कामकरीण

मित्रांनो, मी जुनी झाले आहे आणि दमलेही आहे. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशीची आकृती असते. तिच्यात शेंगेसारखा एक आकार दाखवतात, आत नागमोडी घड्या असलेला. ती मी, तंतुकणिका. पुस्तक मला 'पेशीचे ऊर्जाकेंद्र' म्हणते. नाव भारदस्त असले तरी काम चुलीपुढचे आहे. अन्नाचा अंश आणि श्वासातला प्राणवायू घ्यायचा, त्यातून ऊर्जा काढायची आणि मागेल त्याला द्यायची.

मी एका शिलाईकाम करणाऱ्या बाईंच्या उजव्या पोटरीत राहते. मला कान नाहीत. पण भिंतींना कान असतात म्हणे, मग पोटरीला असायला काय हरकत आहे?

आमच्यातली एकटी अशी कोणीच फार दिवस टिकत नाही. आम्ही एकमेकींत मिसळतो, पुन्हा दुभंगतो, जीर्ण झालेला भाग मोडीत काढतो. त्यामुळे माझ्या आठवणी थोड्या शेजारणींच्याही आहेत.

ती वर्षे कष्टाची होती. बाईंचे मशीन पायाने चालवायचे होते. सकाळपासून पायपट्टी वरखाली, वरखाली. पेशीचा एक नियम आहे. मागणी वाढली की ती आणखी तंतुकणिका घडवते. तेव्हा पोटरीत आमची अशी दाटी होती की कूस बदलायला जागा नसे.

संध्याकाळी बाई मशीनवर कापड टाकत आणि रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत आईकडे जात. आई चौथ्या मजल्यावर एकटी राहत असे. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि आईचे गुडघे धरलेले, त्यामुळे तिला खाली उतरता येत नसे. आम्ही तंतुकणिका आईकडूनच मुलांत येतो. म्हणजे त्या चौथ्या मजल्यावर माझेही माहेर होते. जिना चढताना बाईंना पाहून खालची शेजारीण म्हणायची, "तुमच्या पायांना चाकं बसवलीत का हो?" अशी स्तुती ऐकली की आम्हाला दुप्पट हुरूप येई.

मग एकदा, पन्नाशीच्या सुमारास, तिसऱ्या मजल्यावर बाईंच्या पोटरीत गोळा आला. ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली. त्यांचे यजमान शिलाई मशीन दुरुस्त करणारे मिस्त्री. माणूस प्रेमळ, आणि हात कायम तेलकट.

"दिवसभर पायपट्टी मारतेस आणि वर चार मजले चढतेस," ते म्हणाले. "पाय काय उसने आणलेत? मशीनला मोटर लावून देतो. तुझे पाय आईसाठी राखून ठेव."

बाईंना ते पटले. मलाही पटले, खोटे कशाला बोलू? मोटर बसली. बाईंनी चवड्याने नुसते दाबले आणि मशीन सरसर धावले. "अगंबाई, लोण्यासारखं चालतंय की!" त्या म्हणाल्या.

तिथेच आमचे दिवस फिरले. काम नाही म्हटल्यावर नव्या तंतुकणिका घडेनात. जुन्या गेल्या, त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. शिलाई झरझर होते म्हणून बाईंनी जास्त कपडे घेतले. खुर्ची सुटेना, जेवण लांबले, झोप तुटली. वर्षभरात त्यांना दुसऱ्या मजल्यावरच धाप लागू लागली. आधी एखादा दिवस चुकला, मग आठवडा. पुढे मिस्त्रीच डबा घेऊन वर जाऊ लागले आणि बाई फोनवर बोलू लागल्या.

"जावई रोज येतो, देवमाणूस आहे," आई फोनवर म्हणाली. "पण त्याला भांडता कुठे येतं? मी काहीही बोलले तरी हो म्हणतो. मला कंटाळा आला गं."

बाई हसल्या. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ त्यांनी सुईत दोरा ओवला नाही.

तेवढ्यात दूर राहणाऱ्या धाकट्या भावाचा निरोप आला. "ताई, तुला जमत नाही हे दिसतंय. तीन महिन्यांनी मी येतो आणि आईला इकडे घेऊन जातो. आमच्याकडे लिफ्ट आहे." आईला जायचे नव्हते. पण लेकीची पावले जिन्यात वाजत नाहीत, मग कोणत्या तोंडाने 'राहते' म्हणायचे?

बाई डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. मिस्त्री सोबत होते. रक्त, साखर, थायरॉईड, हृदयाचा आलेख, सगळे तपासले. कुठे काही सापडले नाही.

"पायांना दिवसभर काय काम असतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"काहीच नाही. मोटर आहे ना."

"ती कधी बसवली?"

"झालं दीड वर्ष."

"आणि धाप कधीपासून लागते?"

बाई बोटांवर महिने मोजू लागल्या. डॉक्टरीणबाई मिस्त्रींकडे वळल्या. "पडून राहिलेल्या मशीनचं काय होतं हो?"

"तेल चिकट होतं. चाक जड होतं," मिस्त्री सवयीने बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली.

"ऐका!" बाई म्हणाल्या. "गिऱ्हाइकांना रोज बजावता, मशीन पडू देऊ नका, रोज थोडं चालवा. आणि बायकोच्या पायांवर मात्र झाकण घालून मोकळे झालात!"

"मी तर काळजीनं..."

"तुमच्या काळजीनंच खुर्चीला खिळले मी!"

दोघेही हसले. डॉक्टरीणबाईही हसल्या. मग त्यांनी सांगितले ते साधेच होते. रोज चढा, पण बेतानं. बोलता यावं आणि गाणं मात्र म्हणता येऊ नये, एवढाच दम लागू द्या. छातीत दुखलं तर लगेच या. रात्रीचं जेवण लवकर घ्या, आणि दिवा रोज एकाच वेळी मालवा.

मिस्त्रींनी त्याच दिवशी मोटरचा पट्टा हवा तेव्हा काढता-घालता येईल असा करून दिला. सकाळचे दोन तास पायपट्टी, मग मोटर, असे ठरले. जिना रोज एकच मजला.

मित्रांनो, पहिले तीन आठवडे माझे हाल झाले. पोटऱ्या ठणकत. आम्ही मूठभर उरलेल्या, आणि मागणी दारात उभी. या वयात हे कशाला, असे मी रोज म्हणे. बाईही म्हणत, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जिन्याशी जात. सहाव्या आठवड्यात माझ्या शेजारी एक नवी कोरी तंतुकणिका दिसली. मग आणखी एक. सरावाने दुसरा मजला सोपा झाला, मग तिसरा. अकराव्या आठवड्यात बाई चौथ्या मजल्यावर पोचल्या. त्यांनी दार वाजवले.

"कोण, जावईबापू?" आतून आवाज आला.

"मी आहे गं."

दार उघडायला आईला वेळ लागला. उघडल्यावर तिने लेकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "केस किती पांढरे करून घेतलेस! आणि हा रंग कोणी घालायला सांगितला? अगदीच शोभत नाही."

"मीच शिवलाय!"

"तरीच."

आणि दोघी भांडू लागल्या. कापडाचा भाव काय, गळा काय, बाही काय! तासभर. मग बाईंनी भावाला तिथूनच फोन लावला आणि आईच्या हातात दिला. "मी कुठेही येत नाही रे," आई म्हणाली. "माझं इथे भांडण चालू आहे."

आता माझ्या भिंती झिरपू लागल्या आहेत. पेशीने माझ्यावर मोडीची खूण केली आहे. माझे तुकडे नव्या तंतुकणिकांच्या कामी येतील, त्याचे दुःख नाही. एवढेच सांगते, आम्हाला जपायचे म्हणून गुंडाळून ठेवू नका. रोज थोडे राबवा, वेळेवर खाऊ घाला आणि वेळेवर निजू द्या. रिकाम्या बसण्याचा शीण मी दीड वर्ष भोगला, तो कोणत्याही झोपेने जात नाही. आजचा शीण जिन्याचा आहे. याला झोप पुरते.