मापात घेतलेला पट्टा

मित्रांनो, मला जुना म्हणायला हरकत नाही. माझ्या पडद्याचा एक कोपरा आता उजळत नाही, नळी दोनदा बदलून झाली आहे आणि बॅटरीचं झाकण सुताच्या गाठीवर तग धरून आहे. मी रक्तदाब मोजायचं यंत्र आहे, घराघरात असतं तसलंच. आपल्या तोंडाने आपलीच चूक सांगायची म्हणजे जिवावर येतं, पण मनात ठेवून ठेवून मला आता ती झेपेनाशी झाली आहे. म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. डोक्याला जाळी बांधलेल्या बायका तिथे रांगेत बसायच्या. एकीने माझ्यात पंप बसवला, दुसरीने नळी जोडली. तिसरीने माझा पट्टा एका रबरी दंडाला बांधून तीन वेळा तपासलं, 'हा बरोबर आहे' म्हणाली आणि माझ्या पाठीवर हिरवा गोल चिकटवला. त्या हिरव्या गोलाची मला काय ऐट होती म्हणून सांगू! आपण चुकूच शकत नाही, असं मला तेव्हापासून वाटायला लागलं.

मला विकत आणलं मास्तरांच्या लेकीने. मास्तर म्हणजे शिंपी. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि घरात तीनच माणसं: मास्तर, त्यांची बायको आणि बापाच्या हाताखाली शिकून तयार झालेली ही लेक. मास्तर तेव्हा शहाण्णव किलोंचे होते आणि त्यांच्या रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे सत्तरच्या खाली यायचं नाव घेत नव्हता. माझा मूळचा पट्टा त्यांच्या दंडाला पुरेचना. हवा भरली की वेल्क्रो चर्रकन सुटायचं. मग लेक औषधांच्या दुकानात जाऊन जाड दंडासाठीचा मोठा पट्टा घेऊन आली.

"म्हणजे मला रेडिमेडमध्ये माप नाही म्हणायचं," असं म्हणून मास्तर स्वतःच खो खो हसले.

माझ्याबरोबर एक माहितीपत्रक आलं होतं. कोणता पट्टा किती जाडीच्या दंडाला चालतो, ते त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. मास्तरांनी त्या कागदाचा एका शाळेच्या गणवेशाच्या कॉलरसाठी नमुना कापला. कागद चांगला जाड होता ना!

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी त्यांना दोन गोळ्या दिल्या होत्या. "गोळ्याही घ्यायच्या आणि वजनही उतरवायचं, दोन्ही करायचं. आणि हे यंत्र दर तीन महिन्यांनी इथे आणा, आमच्या यंत्राशी ताडून बघू," त्या म्हणाल्या. मास्तरांना गोळ्यांचा मनापासून राग होता. त्यातल्या एका गोळीने पाय सुजायचे, संध्याकाळी चप्पल घट्ट व्हायची, आणि मशीनच्या पायडलवर पाय चालवणं नको नको व्हायचं. ज्याचं पोट पायडलवर चालतं, त्याने सुजलेले पाय घेऊन काय करायचं? "वजन उतरवतो आणि या गोळ्या सोडून दाखवतो," असं त्यांनी बायकोला सांगितलं. तो त्यांचा हट्टच होऊन बसला.

आणि मित्रांनो, या माणसाने खरंच कंबर कसली. जेवणाच्या टेबलावरची मीठदाणी वरच्या कपाटात गेली. गल्ल्याशेजारचा खाऱ्या दाण्यांचा डबा गेला, सिगारेटही गेली. ती जाताना घरात पंधरा दिवस कोणाला तोंड उघडायची सोय नव्हती. रोज सकाळी तासभर चालणं सुरू झालं. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकांचे कपडे ते स्वतः पायऱ्या चढून पोचवायला लागले. पहिल्या महिन्यात मास्तर दारात पोचले की आधी पाच मिनिटं नुसते धापा टाकायचे आणि गिऱ्हाईक घाबरून पाणी आणायचं. सहाव्या महिन्यात ते जिन्यात शीळ घालायला लागले.

वजन उतरलं. शर्ट ढगळ झाले, ते त्यांनी आल्टर केले. पँटी उसवून कमरेत घेतल्या. "अहो, मला तर नवीनच नवरा मिळाला," बायको शेजारणीला म्हणायची. माझा आकडाही पायरी पायरीने खाली येत होता, आणि तो खरा होता. पहिल्या तीन महिन्यांनी आम्ही दवाखान्यात गेलो, तेव्हा मी आणि डॉक्टरबाईंचं यंत्र अगदी बरोबरीने बोललो. पुढे त्यांनी दोनातली एक गोळी बंद केली. पाय सुजवणारी मात्र राहिली. "ती सुटेल की नाही, ते सहा महिन्यांनी बघू. सगळ्यांची सुटतेच असं नाही. आणि मनाने काही करायचं नाही हं, मास्तर."

"छे छे, मनाने कशाला?" मास्तर म्हणाले.

त्या दिवसापासून ते मला 'छोटे डॉक्टर' म्हणायला लागले. गिऱ्हाईक आलं की माझी ओळख करून द्यायचे. "हे आमचे छोटे डॉक्टर. यांच्या शब्दाबाहेर मी नाही." मी फुगलो होतो हो! ते पुढचे तीन महिने गेले, तरी मला दवाखान्यात कोणी नेलं नाही. हे इतकं बरोबर बोलतंय, तर उगीच कशाला फेरी, असं मास्तर म्हणाले. मलाही तो माझा मानच वाटला.

वजन अठ्ठ्याहत्तरवर आलं तेव्हा मोठा पट्टा मास्तरांच्या दंडावरून घसरायला लागला. पट्ट्यावर दोन रेघा असतात आणि एक बाण असतो. बाण त्या दोन रेघांच्या मध्ये आला तर पट्टा बरोबर. आता तो दुसरी रेघ ओलांडून पार पलीकडे जात होता. काहीतरी चुकतंय अशी खूण मी पडद्यावर दाखवली, टीं टीं करून ओरडलो. तीन दिवस ओरडत होतो. मित्रांनो, एवढीच माझी वाचा. चौथ्या दिवशी मास्तर म्हणाले, "अरे, हा ढिला झालाय. आण इकडे, मापात घेऊ."

आणि त्यांनी पट्टा आल्टर केला. शिंप्याशिवाय हे कोणाला सुचणार? बाहेरचं कापड दुमडून आखूड केलं, त्यावर नवं वेल्क्रो दुहेरी टाक्याने शिवलं. त्या वेल्क्रोखाली दोन्ही रेघा आणि बाण झाकले गेले. काम इतकं सफाईचं होतं की पट्टा कारखान्यातूनच तसा आलाय असं वाटावं. दंडाला असा चापून बसला की काय सांगू.

पण आतली रबरी पिशवी मोठीच राहिली होती. जाड दंडासाठी केलेली ती पिशवी आता बारीक दंडाला पूर्ण वेढा घालून स्वतःवरच चढायची. एवढ्या मोठ्या पिशवीने दाबलं की थोडक्याच जोराने रक्त थांबतं, आणि यंत्राला वाटतं दाब कमीच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकशे चोवीस दाखवलं. खरा आकडा एकशे चाळीसच्या आसपास असणार.

मास्तरांचा चेहरा असा काही उजळला! "अगं, इकडे ये! एकशे चोवीस!" बायको ओले हात पुसत आली, लेकही आली. मास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पिशवी दुमडतेय, काहीतरी बिनसलंय, हे मला कळत होतं. पण टीं टीं करायचं कारण आता उरलं नव्हतं आणि खोटं कशाला बोलू, मला ओरडावंसंही वाटलं नाही. सगळं घर माझ्याकडे बघून हसत होतं, तेव्हा मी गप्प बसलो.

आठवडाभराने मास्तरांनी गोळी सोडली. बायको रोज सकाळी हातावर गोळी आणि पाण्याचा पेला ठेवायची. ते गोळी गालात धरायचे, पाणी प्यायचे, आणि दुकानात आले की ती पुसून बटणांच्या डब्यात टाकायचे. मी त्याच फळीवर होतो, मला सगळं दिसायचं. पायांची सूज उतरली, पायडल पुन्हा धडधडायला लागलं. मी रोज एकशे तीस-बत्तीस दाखवायचो आणि ते खूश होऊन मशीनवर बसायचे. त्यांच्या मेहनतीत काहीच खोट नव्हती. मीच तिला नको तेवढी शाबासकी देत होतो.

पुढे शाळा उघडायचे दिवस आले. गणवेशांचा नुसता ढीग पडला होता. एका दुपारी मास्तर कापड बेतत होते आणि कात्री त्यांच्या हातातून खाली पडली. त्यांनी ती उचलली, ती पुन्हा पडली. "का... का..." एवढंच ते म्हणाले.

"पुरे झाली थट्टा," बायको हसत म्हणाली. मग तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठाची एक बाजू खाली आली होती.

लेक धावत आली आणि तिने आधी काय केलं असेल? मला उचललं. आमच्या घरात माझ्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं ना! पट्टा बांधला. मी एकशे बावन्न दाखवलं.

"थोडंसंच वाढलंय," ती म्हणाली. आकडा बघून ती जरा सावरली. "दमलात तुम्ही, बाबा. पडा जरा."

मास्तर पडले. एक तास ते पडून राहिले आणि उठवायला गेले तर उजवा हात उचलेना. त्या एका तासाचं मी काय करू, सांगा. हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले, "लवकर आणायला हवं होतं. तोंड वाकडं दिसलं, बोलणं अडखळलं, की प्रेशर मोजत बसायचं नसतं. तडक निघायचं." लेकीने मान खाली घातली. खरं तर मान मी खाली घालायला हवी होती.

मास्तर घरी आल्यावर डॉक्टरबाई बघायला आल्या आणि गोळ्या वेळेवर घेत होते का, असं त्यांनी बायकोला विचारलं. "रोज माझ्या डोळ्यांदेखत," ती म्हणाली. दोन दिवसांनी लेक एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला बटण लावायला बसली. डब्यात हात घातला, तर मूठभर पांढरी, बारकी, भोकं नसलेली बटणं हाताला लागली. तिने त्या गोळ्या एकेक करून मोजल्या. मग तिने मला पिशवीत घातलं आणि मास्तरांना घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी त्यांचं यंत्र आणि मला आळीपाळीने मास्तरांच्या दंडाला लावलं. त्यांचं म्हणालं एकशे अडुसष्ट, मी म्हणालो एकशे शेहेचाळीस. त्यांनी माझा पट्टा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे कोणी शिवलं?"

मास्तरांचं बोलणं तोवर बरंच सुधारलं होतं. "मी," ते म्हणाले. लेकीने ब्लेडने शिवण उसवली. वेल्क्रोखालून दोन रेघा आणि बाण बाहेर आले.

"वजन उतरवलंत, चाललात, सिगारेट सोडलीत, म्हणून एवढ्यावर निभावलं. त्याचा फायदा झालाच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण गोळी कधी सोडायची हे माझ्याशी बोलायचं होतं, मास्तर. पाय सुजत होते तर मला सांगायचं होतं. दुसरी गोळी होती की."

"दुसरी होती?" मास्तरांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला त्यांनी डावा हात वर केला.

मला कोणी फेकून दिलं नाही. दिलं असतं तर बरं वाटलं असतं. लेकीने मास्तरांचा दंड मोजून बरोबर मापाचा नवा पट्टा आणला. पहिल्या सकाळी मी एकशे एकोणचाळीस दाखवलं आणि भीतीने बंदच पडतो की काय असं झालं. मास्तरांनी आकडा पाहिला, डाव्या हाताने नवी गोळी तोंडात टाकली, सगळ्यांसमोर गिळली आणि फिरायला निघाले. ते आता काठी घेऊन चालतात, पण चालतात. मला मात्र ते छोटे डॉक्टर म्हणत नाहीत. "यंत्र आण गं," एवढंच म्हणतात.

उजव्या हाताची पकड पूर्ण आलेली नाही. त्या हाताने कात्री चालत नाही. कापड आता लेक बेतते आणि मास्तर शेजारी स्टुलावर बसतात. ती कात्री चालवते तेव्हा त्यांची उजवी बोटं मांडीवर हळूहळू उघडतात, मिटतात. फळीवर माझं तोंड नेमकं तिकडेच आहे. दिवसभर मला दुसरं काही बघता येत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. आजी-आजोबा, काका, वडील रोज त्याच्याकडे बघत असतील. कोणी वजन उतरवत असेल तर त्यांचं कौतुक करा, त्यांच्याबरोबर चालायला जा. पण त्यांचा दंड बारीक झाला असेल तर पट्ट्याचं माप बघा. यंत्र दवाखान्यात नेऊन ताडून घ्यायला लावा. गोळी कमी करायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारलंत का, असं त्यांना विचारा. आकडा अगदी मनासारखा आला असेल, त्या दिवशी तर नक्की विचारा. ते म्हणतील, तुला काय कळतंय, जा खेळायला जा. चिडतील. चिडू द्या. सगळे खूश आहेत म्हणून मी गप्प बसलो होतो, तुम्ही बसू नका.