गुरुवारचं बेट

बाळाजीने गवताचा तो घागरा कोयत्याच्या टोकावर उचलला आणि टेबलाच्या पलीकडे, शहाळ्यांच्या ओल्या सालपटांवर नेऊन टाकला.

"ह्या मी नेसूचंय नाय."

"काका, घागरा नाहीये तो," निधी म्हणाली. "कॉस्च्युम आहे."

"माज्या कमरेक बांधतलास मा? मग झाला तर."

निधी हॉटेलातल्या समारंभांची मॅनेजर. पुण्याची, हुशार, तोंडाने गोड. बहरीनमधल्या हुरा भागातल्या त्या हॉटेलात बाळाजी फळांच्या काउंटरवर होता. सकाळी नाश्त्याला पपया नि कलिंगडं कापायची आणि संध्याकाळी पोहण्याच्या तलावाच्या कडेला शहाळी फोडून द्यायची, हे त्याचं काम. चारचौघांत निधी त्याला इंग्रजीतून हाक मारायची, ती 'बालाजी' अशी. ळचा ल कुठे नि कधी झाला कोण जाणे. काम अडलं की मात्र तो 'काका' व्हायचा. आज सकाळपासून काका-काका चाललं होतं, तेव्हाच बाळाजीला संशय आला होता.

दर गुरुवारी हॉटेलात काहीतरी सोंग असायचंच. या खेपेला पॅसिफिक महासागरातलं बेट. तलावाशेजारी भलामोठा फलक उभा केला होता. त्यावर बेटाचं आकाशातून काढलेलं चित्र: निळ्या पाण्यात पोवळ्याचं एक बारीक कडं, आत संथ पाणी, बाहेर उसळता समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडच माड. माइकवरून वाचायचा मजकूर निधीने त्याला मराठीत समजावून सांगितला. तिथली माणसं सकाळी मासे पकडतात. दुपारी माडाच्या सावलीत झोपतात. संध्याकाळी गातात. त्यांना कसलीही चिंता नसते.

बाळाजी चित्राकडे बघतच राहिला. हे तर देवबाग! पुढच्या दारी समुद्र, मागच्या दारी कर्ली नदीचं पाणी आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर त्याचं घर. उधाणाला समुद्र अंगणात यायचा. एका पावसाळ्यात तो विहिरीत शिरला, तेव्हापासून त्याची बायको लांबून हंडे भरून आणते. थोरल्या भावाने हाताने लावलेले माड एकेक करून पाण्यात गेले. आणि इथे लिहिलंय, चिंता नसते!

"ह्या कोणी सांगल्यान तुमका?" त्याने विचारलं. "चिंता नसता म्हणान?"

"अहो, थीम आहे काका. कोण तपासायला येतंय?"

"आणि माकाच कित्याक? शेफाक नेसवा. बहरीन पण बेटच असा, साहेबांकाच नेसवा!"

"तुम्ही अगदी तिथले दिसाल म्हणून," निधी बोलून गेली. मग तिने घाईघाईने पुढे जोडलं, "म्हणजे, शहाळी वगैरे छान फोडता ना तुम्ही."

"म्हणजे काळो म्हणान."

"मी असं म्हटलं नाही."

"म्हणूक कित्याक होया?"

निधीचा चेहरा मिटला. तिने सालपटांवरून घागरा उचलला, झटकला, नीट घडी केली. "ठीक आहे. अर्शदला सांगते. त्याचा व्हिसा या महिन्यात रिन्यू व्हायचाय ना? तो नाही म्हणणार नाही." हे ती अगदी सहज बोलली आणि काचेच्या दाराआड गेलीसुद्धा.

अर्शद म्हणजे बाळाजीचा खोलीतला सोबती. विजयदुर्गाकडचा, हाउसकीपिंगमध्ये. हॉटेलच्या मागच्या गल्लीत स्टाफच्या खोल्या होत्या. दुपारच्या सुट्टीत बाळाजी तिथे पोहोचला तर अर्शद खाटेवर मोबाइल घेऊन बसलेला, आणि घागरा खिडकीच्या खिळ्याला लटकवलेला. तो बघून बाळाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"घेतलंस? मेल्या, घेतलंस तू ता?"

"मग काय करू?"

"नाय म्हण! तोंड नाय तुका?"

"तुका नाय म्हणूक परवडता, बाळाजीदा. तू जुनो माणूस. माका खलास म्हणूक त्यांका कितीसो येळ लागात?" अर्शदने मोबाइलवरून नजर उचलली नाही. "फक्त शाजियाक दिसूक नको. हॉटेलवाले व्हिडिओ टाकतत. ती बघता. तिचो बापूस पण बघता."

शाजिया त्याची बायको. सासऱ्याने मुलगी दिली ती जावई बहरीनला हॉटेलात आहे, या एका गोष्टीवर. बाळाजी खाली बसला. एसीचं पाणी डब्यात ठिबकत होतं.

"ह्या बघ," अर्शद मोबाइल पुढे करत म्हणाला. "त्या बेटांचा वाचतंय. मरूचाच असा तर निदान कोणाच्या नावान मरतंय ता तरी बघूया म्हटलंय. तिकडे विहिरीत खारा पाणी शिरता. पावसाचा पाणी पत्र्यावरसून धरून ठेवतत. माडार चढान माडी काढतत."

"माडी?"

"आपली तीच. आणि बापये बोटीर नोकरेक जातत. वर्स-वर्स घराक येणत नाय. पोरा बापाशीक वळखणत नाय."

 बाळाजीचा राग उतरण्याऐवजी आणखी चढला. आतापर्यंत त्याला वाटत होतं, आपल्याला सोंग घ्यायला लावतायत. आता कळलं की कुणाच्या तरी खऱ्या गावाची मस्करी मांडलीय. तिथलाही कुणी बाळाजी या घडीला कुठल्यातरी बोटीवर कुणाची तरी भांडी घासत असणार, आणि इथे त्याच्या नावाने मजकुरात लिहिलंय, दुपारी झोपतात. कोण झोपतं रे दुपारी? देवबागेत तर समुद्राच्या धास्तीने रात्रीही कुणी धड झोपत नाही.

संध्याकाळी तलावाभोवती माणसं जमली. हवा दमट, सगळ्यांचे कपडे पाठीला चिकटलेले. बाळाजी आपल्या रोजच्या काळ्या युनिफॉर्ममध्ये काउंटरमागे शहाळी फोडत होता. अर्शद बाहेर आला, तेव्हा त्याने मान वर केली नाही. पण किती वेळ टाळणार? मातकट बनियन, कमरेला ते गवत, गळ्यात प्लॅस्टिकच्या फुलांची माळ, दोन्ही गालांवर चुन्याचे पट्टे. अर्शद हसत होता. ते हसू बघवत नव्हतं.

निधीने माइकवरून मजकूर वाचला. मासे, सावली, गाणी. चिंता नसते, या वाक्याला लोक खूश होऊन हसले. मग सगळ्यांना अर्शदबरोबर फोटो काढायचे होते. एक बाई गवताला हात लावून बघून गेली. एका धिप्पाड पाहुण्याने त्याच्या गळ्यात हात टाकला, अरबीत यल्ला यल्ला, चला चला, म्हणत त्याला गोल फिरवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत ओरडला, "बोल, तुझ्या भाषेत काहीतरी बोल!"

मोबाइल वर झाले. अर्शदचं हसू तसंच चिकटून राहिलं, पण तोंडातून शब्द निघेना. त्याने मान वळवून काउंटरकडे पाहिलं.

बाळाजीचं टाळकं सटकलं. त्याने कोयता ओंडक्यात रुतवला, डोक्यावरची टोपी काढून फेकली आणि काउंटर ओलांडून थेट अर्शदशेजारी जाऊन उभा राहिला. काय करायचं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्या पाहुण्याला ढकलणार होता बहुतेक. पण हात पुढे गेले ते जोडलेलेच गेले, आणि पोटातून आवाज आला:

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

"होय म्हाराजा!" अर्शद ताडकन म्हणाला.

त्याला ते ठरवून म्हणावं लागलं नाही. कोकणात वाढलेल्या माणसाला गाऱ्हाणं ऐकून गप्प राहताच येत नाही. गावाचं दुखणं एकाने देवापुढे मांडायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला होय म्हणायचं. एकट्याची तक्रार देव कदाचित कानाआड करील, सगळ्या गावाची कशी करील? जत्रेत कडेला उभ्या असलेल्या अर्शदच्या बापानेही ते म्हटलं होतं.

"आज ह्या सात समुद्रांपलीकडे, हुऱ्यात, तुजी दोन लेकरा उभी आसत म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"पोटासाठी इली, पोटासाठी रवली म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी अर्शदबरोबर चारदोन पाहुणेही म्हणाले. उच्चार वेडावाकडा, पण हुरूप दांडगा.

"ह्या तुज्या लेकराच्या कमरेक गवात बांधल्यानी, तोंडाक चुनो फासल्यानी, आणि वर सांगतत, ह्येंका कसली चिंता नाय म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आता तलावाची सगळी कड ओरडली.

बाळाजीला घाम फुटला होता. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. निधी माइक खाली करून जागच्या जागी उभी होती. तिच्याकडे बघतच त्याने आवाज चढवला.

"ज्यांनी ज्यांनी ह्या केल्यानी, तेंच्या गावात समुद्र शिरांदे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेंची विहीर खारट होवंदे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेंचो पोटचो झील वर्स-वर्स तेंका दिसां नये म्हाराजा! आणि मगे आमी तेंका इचारतलो, चिंता आसा काय नाय ती, म्हाराजाऽऽ!"

"होय म्हाराजा!"

केवढा गजर झाला तो! त्या धिप्पाड पाहुण्याने दोन्ही हात वर करून तो दिला. क्षणभर बाळाजीला वाटलं, पोचलं. या सगळ्यांनी आपल्या तोंडाने कबूल केलंय, आता देव ऐकल्याशिवाय राहायचा नाही. त्याचे डोळे भरून आले. शेजारी अर्शद हसायचं थांबला होता.

मग टाळ्या पडल्या. टाळ्या, शिट्ट्या, पुन्हा टाळ्या. "वन्स मोर" असं कुणीतरी ओरडलं. हॉटेलचे मोठे साहेब वाट काढत आले, त्यांनी बाळाजीचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि निधीला विचारलं, हा काय म्हणत होता?

निधीने बाळाजीकडे पाहिलं.  मग ती इंग्रजीत म्हणाली, "पाहुण्यांच्या स्वागताची जुनी प्रार्थना आहे, सर."

साहेब खूश झाले. जाताना तिला काहीतरी सांगून गेले. ते लांब गेल्यावर बाळाजीने विचारलं, "तुमका कळला मा, मी काय म्हटलंय ता?"

"कळलं."

"सगळा?"

"सगळं, काका."

"मगे?"

निधीने माइक बंद आहे ना ते पुन्हा एकदा पाहिलं. "मग काय? खरं सांगितलं असतं तर उद्याच तुमची दोघांची तिकिटं निघाली असती. अर्शदची तर नक्कीच." तिने मजकुराचा कागद दुमडला. "आणि त्यांना कुठे कळलंय काही? साहेबांना आवडलंय. दर गुरुवारी करा म्हणतात. तुम्हाला कॉस्च्युम नको. असंच, युनिफॉर्ममध्ये. अर्शद असेलच बाजूला."

ती गेली. बाळाजी तिथेच उभा राहिला. गवत नेसणार नाही म्हणून सकाळी केवढा तोऱ्यात बोलला होता! कुणी मागितलं नव्हतं, कुणी धाक घातला नव्हता, आणि गावचा देव त्याने आपल्या हाताने आणून तलावाच्या कडेला उभा केला होता. यापुढे दर गुरुवारी. नेसवायचं काय उरलं होतं आता?

अर्शदने त्याच्या कोपराला हात लावला. "चल बाळाजीदा. शहाळ्यांका रांग लागलीहा."

काउंटरवर खरंच रांग होती. बाळाजीने ओंडक्यातून कोयता उपसला. रांगेत पहिला तोच धिप्पाड पाहुणा, चेहऱ्यावर निर्मळ आनंद. त्याने बाळाजीसारखेच हात जोडले, मान लववली आणि म्हणाला, "होय म्हाराजा!" मागच्या दोघातिघांनी लगेच मोबाइल वर केले आणि सगळे बाळाजीच्या तोंडाकडे बघत थांबले.

बाळाजीच्या जिभेवर शिवी आली. अस्सल, देवबागची, बापसाकडून शिकलेली. त्याने ती गिळली. बोलला असता तर पुन्हा टाळ्या पडल्या असत्या.